मागच्या गाडीची बॅटरी

किल्ली फिरवली आणि गाडीने फक्त "टक्" केलं. वेंडेलने पुन्हा फिरवली. पुन्हा "टक्". तिसऱ्यांदा तर तेवढाही आवाज झाला नाही.

"परत?" आर्लीन म्हणाली.

एकच शब्द. पण तो तिने असा काही उच्चारला, की तळपायाची आग मस्तकात जावी. मोटरहोमच्या चाकांखाली लावायच्या दोन फळ्या हातात धरून ती उन्हात उभी होती. समोर त्यांचं चाकांवरचं घर, अडतीस फूट लांबीचं मोटरहोम, त्याच्या मागे लोखंडी दांड्याला जोडलेली छोटी लाल गाडी, आणि त्या गाडीत स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला तिचा नवरा. एकशे चाळीस मैल ओढत आणलेली गाडी दांड्यावरून सोडवून बाजूला लावायची, एवढंच काम उरलं होतं. मागे आणखी दोन मोटरहोमं रस्ता मोकळा होण्याची वाट बघत थांबली होती. चार माणसांत शोभा व्हायची ती झालीच.

"वायर," वेंडेल दातओठ खात म्हणाला. "वायरच नाटक करतेय. बघतोच आता तिला."

"बघ," आर्लीन म्हणाली आणि फळ्या चाकाखाली सरकवायला गेली.

वेंडेल क्रूगर आयोवात एका धान्याच्या कोठारावर बेचाळीस वर्षं विजेच्या मोटारी सांभाळत होता. धान्य वर चढवणारे पट्टे, पंखे, वाळवणीच्या भट्ट्या. तिथली एक मोटार बंद पडली तर बाहेर दीड मैल ट्रकांची रांग लागायची, आणि तशी रांग त्याच्या कारकिर्दीत फक्त दोनदा लागली होती. अशा माणसाला एक बारा व्होल्टची बॅटरी दाद देईना. नोव्हेंबरपासून चार मुक्काम झाले आणि चारही मुक्कामांना मागची गाडी मेलेली निघाली. दोनदा पोचल्यावर, दोनदा निघताना.

त्याने काय करायचं बाकी ठेवलं होतं? मोटरहोमच्या इंजिनपासून मागच्या गाडीच्या बॅटरीपर्यंत चार्जिंगची वायर ओढली होती. ती बारीक पडत असेल म्हणून काढून जाड घातली. फ्यूज बदलला. जानेवारीत बॅटरीच नवी घातली. ओढत नेताना गाडीचं स्टिअरिंग मोकळं राहावं म्हणून किल्ली एक खटका फिरवून ठेवावी लागते, आणि ब्रेक दाबणारी एक पेटी ड्रायव्हरच्या पायापाशी ठेवावी लागते. दोन्ही बॅटरी खातात, म्हणून तर ती वायर. हे सगळं त्याने आर्लीनला इतक्यांदा समजावून सांगितलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. "एक खटका, आर्लीन. दोन नाही. एका खटक्यावर गाडी फुकट चालते. मागून खाते तेवढं पुढून मिळतं."

आणि तरी "टक्".

या बॅटरीवर काय टांगलेलं आहे, ते वेंडेल कोणाला सांगत नव्हता. घर विकलं त्या दिवशी, रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहून आर्लीन म्हणाली होती, "एक हिवाळा, वेंडेल. तुझ्या मनासारखा एक हिवाळा. मार्चच्या पहिल्या तारखेला मी सांगेन. नाही पटलं तर मी डब्युकला जॉयसकडे जाईन. तिची वरची खोली रिकामी आहे. तू काय करायचं ते तू ठरव." जॉयस म्हणजे तिची धाकटी बहीण. वेंडेल तेव्हा हसला होता. ॲरिझोनाचं ऊन, बर्फ उपसायचा नाही, रोज नवी जागा. कोणाला पटणार नाही? पण आज तेवीस फेब्रुवारी होती, आणि दर वेळी गाडी मेली की आर्लीनच्या डोळ्यांत डब्युकची ती वरची खोली त्याला स्पष्ट दिसायची. हे आयुष्य नीट चालतं, हे तिला दाखवायला त्याच्याकडे सहा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी ओढून कँपच्या कडेला, काटेरी झाडांच्या विरळ सावलीत नेली आणि बॉनेट उघडलं.

या कँपांत बॉनेट उघडणं म्हणजे आमंत्रण देणं. दहा मिनिटांत कॉफीचे कप घेऊन तिघे जण हजर झाले. एकाने तर घडीची खुर्चीच आणली. सगळे सत्तरीच्या पुढचे, सगळ्यांच्या टोप्या उन्हाने विटलेल्या, आणि सगळ्यांना बॅटरीतलं सगळं कळत होतं.

"डायोड घातलास का? वीज उलटी फिरू नये म्हणून?" एकाने विचारलं.

"घातला."

"मग तोच खातोय. काढून टाक."

"काढू नकोस," खुर्चीतला म्हणाला. "माझ्या मेव्हण्याने काढला आणि मोटरहोमचीसुद्धा बॅटरी उतरली. दोन्ही गाड्या रस्त्यात. बायको तीन दिवस बोलली नाही."

"हे बरं झालं की वाईट?" तिसरा म्हणाला, आणि तिघेही खो खो हसले.

वेंडेल नाही हसला. त्याने हात टेकायचेच बाकी ठेवले होते. पण बोलणं त्याला आवडायचं, म्हणून तोही बोलत राहिला. पहिली वायर किती जाड होती, दुसरी किती, कुठल्या मैलाला काय झालं, कोठारावरच्या सात नंबरच्या पंख्याची हीच तक्रार कशी होती. एक एक जण कप रिकामा करून उठला. शेवटी उरला मर्ल.

मर्ल शेजारच्या जागेवरचा. पूर्वी टेलिफोनच्या खांबांवर चढायचा. बोलायचा कमी आणि ऐकून घ्यायचा, त्यामुळे वेंडेलला तो फार आवडायचा.

"एक विचारू?" मर्ल म्हणाला. "बॅटरी ओढताना उतरते की उभ्या उभ्या?"

"ओढताना. आणखी कधी उतरणार?"

"मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. बेचाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने हे मोजलं नव्हतं, कारण दोष वायरचा आहे हे त्याने नोव्हेंबरातच ठरवून टाकलं होतं.

"अरे, आधी मोज तरी," मर्ल म्हणाला. "उगाच वायरीच्या नावाने शंख करतोयस."

वेंडेलने त्या रात्री बॅटरी चार्जरवर लावली आणि सकाळी मीटर घेऊन गेला. बारा पॉइंट सहा. ठणठणीत. जेवणाआधी परत गेला. बारा पॉइंट सहा. जेवण झालं, भांडी झाली, आर्लीन नेहमीप्रमाणे धुण्याची पिशवी घेऊन कँपच्या लाँड्रीत गेली, त्याचा डोळा लागला. पाच वाजता त्याने पुन्हा मीटर लावला.

बारा पॉइंट एक.

गाडी जागची हलली नव्हती. तिला वायर जोडलेली नव्हती, दांडा जोडलेला नव्हता. उभ्या उभ्या पाच तासांत हिने एवढं खाल्लं कसं? त्याने कपाळावर हात मारला. मग एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ऊन! दुपारचं ऊन काचेतून आत येतं, आत कुठेतरी एखादी तार तापते, प्लॅस्टिक मऊ होतं, आणि तार तारेला चिकटते. संध्याकाळी गार झालं की सुटते. म्हणून तर सापडत नाही!

रात्रीच्या जेवणाला त्याने हा शोध आर्लीनला सविस्तर सांगितला. कोणत्या तारा, कोणत्या रंगाच्या, कुठून कुठे जातात. ती मटार चिवडत ऐकत होती.

"म्हणजे दुपारी उतरते?" तिने विचारलं.

"दुपारीच! दोन ते पाचच्या मध्ये. उद्या चार्ज करणार नाही. तशीच ठेवतो आणि ऐन उन्हात जाऊन रंगेहाथ पकडतो."

"उन्हात कशाला जातोस," ती म्हणाली. "डोकं दुखेल."

"दुखू दे. चारच दिवस राहिलेत," तो म्हणाला, आणि बोललो हे काय असं वाटून त्याने पटकन पाव तोंडात घातला. आर्लीनने वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन निघाली तेव्हा तो खुर्चीत डोळे मिटून पडला होता. सव्वातीनला उठला, टोपी घातली, मीटर घेतला. वाटेत लाँड्री लागली. दार सताड उघडं होतं. आत दोन यंत्रं, दोन्ही बंद, आणि बाकावर एक म्हातारी मासिक वाचत बसलेली.

"आर्लीन गेली का?" त्याने विचारलं.

"कोण आर्लीन?"

"माझी बायको. रोज येते या वेळेला."

"मी रोज असते इथे," म्हातारी म्हणाली. "घरातलं मासिक वाचून संपलं की इथलं. अशी कोणी येत नाही बाबा."

वेंडेल दारातच थबकला. दोन माणसांचे रोज किती कपडे निघतात, हा प्रश्न चार महिन्यांत त्याला एकदाही पडला नव्हता. रोज संध्याकाळी ती पिशवीतून निळा टॉवेल काढून घडी घालायची. रोज तोच टॉवेल. मनात नाही नाही ते आलं. जॉयसला फोन करत असेल. खोलीचं ठरवत असेल. कदाचित ठरलंही असेल, आणि पहिली तारीख नुसती तोंडदेखली. पाय मात्र गाडीकडेच चालत राहिले, कारण हातात मीटर होता आणि दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

गाडीच्या काचा वर होत्या. आत आर्लीन बसली होती.

ती ड्रायव्हरच्या जागी नव्हती, शेजारच्या जागेवर होती. सीट मागे ढकललेली. चपला काढून पाय समोर डॅशबोर्डवर ठेवलेले. मांडीवर धुण्याची पिशवी, तिच्यावर संत्र्याची सालं. रेडिओ चालू होता, पंखा चालू होता. फोन कुठेही दिसत नव्हता. ती काहीच करत नव्हती. समोरच्या डोंगराकडे बघत संत्र्याची एक फोड चघळत होती, आणि तिचा चेहरा इतका निवांत होता की वेंडेलला आपण दुसऱ्याच कोणाच्या गाडीत डोकावतोय असं वाटलं. किल्ली लावलेली होती. एक खटका फिरवलेली.

त्याने काचेवर मीटरने टकटक केलं.

ती दचकली. पाय खाली घेतले. मग दार उघडलं.

"सापडला बिघाड?" तिने विचारलं.

"तू!" वेंडेलचा आवाज फुटला. "तू बसतेस इथे? रेडिओ लावून? पंखा लावून? रोज?"

"रोज. दोन ते चार."

"चार महिने! आर्लीन, चार महिने मी त्या बॉनेटखाली डोकं घालून बसलोय! दोन वायरी बदलल्या, नवी बॅटरी घातली, अख्ख्या ॲरिझोनातल्या म्हाताऱ्यांची बोलणी खाल्ली! आणि तू इथे पाय वर करून संत्री खातेयस!"

"ओरडू नकोस. तूच सांगितलंस ना? एका खटक्यावर फुकट चालते."

"ओढताना! ओढताना फुकट! वायर जोडलेली असते तेव्हा! उभ्या गाडीला कोण देणार, तुझा बाप?"

"ते 'ओढताना' तू पहिल्या दिवशी एकदा म्हणाला असशील. नंतर नुसतं फुकट फुकटच ऐकलं मी."

टोपी काढून वेंडेलने कपाळ पुसलं. "तुला कळलं नाही? एवढं मी रोज बोलत होतो बॅटरीबद्दल, तुला एकदाही शंका आली नाही?"

आर्लीनने सालं पिशवीत भरली.

"आली," ती म्हणाली. "जानेवारीत आली. तू नवी बॅटरी घातलीस आणि तीही उतरली तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू येऊन बसला असतास."

हे तिने चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. चिडण्याला चिडून उत्तर देता येतं. ती अगदी साधेपणाने म्हणाली, जेवायला काय आहे ते सांगावं तसं.

"म्हणजे?" वेंडेल म्हणाला, पण त्याला कळलं होतं.

"बेचाळीस वर्षं, वेंडेल. सकाळी सहाला तू जायचास आणि पाचला यायचास. मधल्या वेळात ते घर माझं असायचं. कोणी बोलायचं नाही. मी काही मोठं करायचे नाही तिथे. कॉफी प्यायचे, खिडकीतून बघायचे. आता अडतीस फुटांत आपण दोघं. तू उठतोस तेव्हापासून बोलतोस. दात घासताना बोलतोस. या सगळ्या घराला एकच दार आहे जे मला लावून घेता येतं, आणि ते या गाडीचं आहे."

"न्हाणीघराला आहे," वेंडेल पुटपुटला.

"तू बाहेर उभा राहून बोलतोस."

हेही खरं होतं. परवाच त्याने दाराबाहेर उभं राहून तिला डायोड समजावून सांगितला होता.

उन्हात उभं राहून त्याचे कान तापले होते. राग गेला नव्हता. इतका त्रास, इतकी मेहनत, आणि कारण हे. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. लाज वाटत होती त्याला, आणि भीतीही. हिला सुखाने बसायला माझ्यापासून लांब यावं लागतं, आणि हे मला मीटरने कळलं.

"मग पहिल्या तारखेची वाट कशाला बघायची," तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्यापेक्षा बारीक निघाला. "जायचं ठरलंच असेल तुझं. जॉयसकडे."

आर्लीनने त्याच्याकडे पाहिलं. किती तरी दिवसांनी नीट पाहिलं.

"अरे वेड्या," ती म्हणाली, "रोज दोन तास गाडी माझ्या ताब्यात होती. किल्ली लावलेली. तू तिकडे घोरत पडलेला. मला जायचं असतं तर आणखी एक खटका फिरवायचा होता फक्त. चारला उठून मी तुझ्याकडे परत येत होते ना?"

वेंडेलच्या तोंडात आलं, की बॅटरी उतरलेली होती, चालू झाली नसती. ओठांपर्यंत आलं. ते त्याने गिळलं. आजवर गिळलेलं बहुधा ते पहिलंच वाक्य.

तिने हात लांबवून किल्ली पुढे फिरवली. "टक्". रेडिओ बंद पडला, पंखा बंद पडला.

"घे," ती म्हणाली. "सापडला तुझा बिघाड."

"मोटरहोमकडून तारा ओढून आणतो," तो म्हणाला. "दहा मिनिटांत चालू करून देतो. आणि मग एक लहानशी वेगळी बॅटरी बसवू, नुसत्या रेडिओसाठी, मागच्या सीटखाली जागा आहे, तिला एक सोलर..."

आर्लीन नुसती बघत राहिली.

तो थांबला. "आणू का तारा?"

"चारनंतर आण," ती म्हणाली, आणि पाय पुन्हा वर घेतले.

वेंडेलने मान हलवली. दार त्याने बाहेरून हळूच लावलं, आवाज होऊ न देता. काचेतून एकदा बघावंसं वाटलं. बघितलं नाही.

परत आला तेव्हा मर्ल आपल्या मोटरहोमच्या पायरीवर बसून भोपळी मिरच्या चिरत होता. वेंडेलच्या हातातला मीटर बघून त्याने सुरी खाली ठेवली आणि आता अर्धा तास तरी ऐकायचंय अशा बेताने मागे टेकून बसला.

"कळलं का रे काय आहे ते?"

"कळलं," वेंडेल म्हणाला.

मर्ल वाट बघत राहिला. वेंडेलने पेटीतून जाड तारांची गुंडाळी काढली, खुर्चीत बसला आणि ती मांडीवर घेतली. एकदा तोंड उघडलं, परत मिटलं. मर्ल बघतच राहिला. शेवटी त्याने खांदे उडवले आणि सुरी उचलली.

वेंडेलने घड्याळ बघितलं. चार वाजायला अठरा मिनिटं होती. तो गप्प बसून राहिला.